भाच्याला ग्राफिक्स कार्ड घेऊन द्यायचंय, पण आधी एक शंका

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला सोपा: भाचा दहावीत आहे, ३२,००० रुपयांचं ग्राफिक्स कार्ड मागतोय, घ्यावं का? दुसरा जरा लांबण लावून सांगावा लागेल.

२००३ ते २०१२ मी सांगलीत सायबर कॅफे चालवला. आठ मशीन, पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, ढेरपोटे सीआरटी मॉनिटर. तासाला २० रुपये, शाळेच्या पोरांना १५. दिवसभर लोक निकाल बघायला, रेल्वेचं तिकीट काढायला यायचे. संध्याकाळी सहानंतर आठही मशीनवर काउंटर-स्ट्राइक १.६, दोन गटांची गोळीबाराची गेम. सगळ्या मशीनवर चित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचं, कारण त्याच्या वर गेलं की गेम अडखळायची. गेममधल्या भिंती म्हणजे मातीचा रंग फासलेले पुठ्ठे. पण डस्ट टू नावाच्या मॅपमध्ये, म्हणजे खेळायच्या जागेत, बी साइटच्या बोगद्यात पावलं वाजली की आठजण एकदम गप्प व्हायचे. एक मुलगा होता, जाड भिंगाचा चष्मा. तो हेडफोन कानाला दाबून सांगायचा, "दोघं आहेत, एक जिन्यावर." बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

२००५ च्या पुरात पाणी दुकानाच्या पायरीला लागलं तेव्हा याच पोरांनी रात्री मशीन वरच्या मजल्यावर चढवली. पाणी ओसरल्यावर पहिला प्रश्न: सर्व्हर कधी चालू करताय?

मी चांगल्या चित्रांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. २००७ ला क्रायसिस आली तेव्हा खास तिच्यासाठी एका मशीनमध्ये नवं कार्ड बसवलं, शटर खाली ओढलं आणि एकटा खेळलो. गोळी लागली की ताडाचं झाड मधोमध मोडून पडायचं. अर्धा तास मी शत्रू सोडून नुसती झाडं पाडत होतो. तो आनंद अजून आठवतो.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. भाच्याच्या मित्राकडे पीएस ५ आहे, सोनीचं टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र. एक नावाजलेली गेम लावली त्यांनी, नाव घेत नाही. दोन तास खेळलो. पात्राच्या कानामागचा घाम दिसत होता, ओल्या दगडावर मशालीचा उजेड हलत होता. डोळ्यांचं पारणं फिटलं म्हणा. पण हातांनी काय केलं? एका अरुंद फटीतून आडवं होऊन सरकलो, स्टिक पुढे दाबून धरून. मग दोन पात्रं बोलत निघाली, त्यांच्या मागे चाललो. पळायचं बटण दाबलं तर चालेना. मग एका कठड्याला लोंबकळलो, आणि तो कठडा पिवळा रंगवलेला! मग पुन्हा फट. दोन तासांत मी स्वतः असं काही ठरवलं, चुकलो, परत केलं, असं घडलंच नाही. उठलो तेव्हा दमलो नव्हतो आणि परत बसावंसंही वाटेना.

माझं वय झालं म्हणून असं होतंय, की गेम बनवणाऱ्यांचंच लक्ष हातांवरून डोळ्यांकडे गेलंय? या धंद्यातलं कुणी असेल तर मोकळेपणाने सांगा. आणि कार्डाचंही.


वसतिगृह_खोली_१४ (जळगाव)

काका, वयाचा काही संबंध नाही. मी २० वर्षांचा आहे आणि मला अगदी तसंच वाटतं.

माझ्याकडे आठ वर्षं जुना लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. त्यावर स्टारड्यू व्हॅली, होलो नाइट आणि व्हँपायर सर्व्हायव्हर्स चालतात. व्हँपायर सर्व्हायव्हर्समध्ये तर फक्त चालायचं असतं, हत्यारं आपोआप चालतात, राक्षस म्हणजे चौकोनी ठिपके. पण २०२३ च्या बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत तिलाच सर्वोत्कृष्ट गेम ठरवलं, एल्डन रिंग आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक या दोन बड्या गेम समोर असताना. बालाट्रो बघा, पत्त्यांची गेम, २०२४ ला आली, एकट्या माणसाने बनवलेली. जानेवारी २०२५ पर्यंत ५० लाख प्रती खपल्या होत्या. आमच्या मजल्यावर सेमिस्टरच्या आदल्या रात्री चार खोल्यांत तीच चालू होती.

माझं स्पष्ट मत आहे, ग्राफिक्सला काही अर्थ नाही. भाच्याला कार्ड देऊ नका, त्या पैशांत त्याला ४० चांगल्या गेम घेऊन द्या.


लॅमिंग्टन_रोड (मुंबई)

फक्त कार्डाबद्दल बोलतो, बाकीच्यांचं चालू द्या.

३२,००० चं कार्ड ऐकलं की मी आधी तीन गोष्टी विचारतो. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आणि कुठल्या कंपनीचा? प्रोसेसर किती जुना? मॉनिटर कोणता? एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर आधी तो बदला, नाहीतर कार्डही जाईल. प्रोसेसर जुना असेल तर कार्ड बसून राहतं, प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाही.

आणि भाचा खेळतो काय ते बघा. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमसाठी मागत असेल तर तिची किमान गरज इंटेल एचडी ४००० एवढीच आहे, म्हणजे २०१२ च्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स. त्या गेममध्ये चित्र सुंदर दिसण्यापेक्षा वेळेवर दिसणं महत्त्वाचं. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी नवं चित्र, ६० म्हणजे साधारण १७ मिलिसेकंदांनी. बटण दाबल्यावर पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर यातूनच वाढतो-घटतो. हाताला जे "जड" लागतं ते बरेचदा हेच असतं. मुरलेली पोरं महागडं कार्ड असूनही सावल्या आणि बाकी सजावट बंद करून खेळतात.


दगडमाती (पुणे)

दादा, त्या फटी आणि तो पिवळा कठडा, दोन्ही माझ्या रोजच्या ओळखीचे. मी एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट आहे, नऊ वर्षं झाली. परदेशी स्टुडिओंसाठी आमच्यासारख्या आउटसोर्स कंपन्या दगड, भिंती, पडकी घरं, लाकडी गाडे, झाडांची मुळं बनवून देतात. तुम्ही ज्या ओल्या दगडाकडे बघत थांबलात, तसे दगड मी बनवते. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर रात्रभर डोक्यात राहिला.

आधी फटीचं सांगते. पुढचा भाग डिस्कवरून मेमरीत आणायला वेळ लागतो आणि मागचा भाग मेमरीतून काढायचा असतो. तेवढा वेळ खेळणाऱ्याला हळू चालवायचं, समोरचं काही दिसू द्यायचं नाही, म्हणून फट. पूर्वी लिफ्ट असायची. बोलत बोलत चालणाऱ्या पात्रांच्या मागे पळू देत नाहीत, तेही कधीकधी याच कारणासाठी.

पिवळ्या रंगाचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये जमीन, वीट, पाइप बघताक्षणी ओळखू येतात. वीट फुटते, पाइपवर उभं राहता येतं. ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला, कारण अख्खी गेम ४० केबीत बसवायची होती. इतकं कमी काढलेलं, त्यामुळे बघणाऱ्याला कशावर पाय ठेवायचा ते लगेच कळतं. आता आम्ही एका कड्यावर दोन-अडीचशे खडक रचतो. प्रत्येकाला भेगा, शेवाळ, कपारी. खऱ्या दगडाचे शेकडो फोटो काढून त्यावरून मॉडेल तयार करतो. कडा खरा वाटतो, आणि तिथेच घोळ होतो. सह्याद्रीत कातळ चढणाऱ्यांना विचारा, कुठली खोबण हाताला धरेल हे ओळखायला किती वर्षं लागतात. खेळणाऱ्याला ते पहिल्या मिनिटात कसं कळावं? चाचणीत लोक अडकतात, आणि गेम बाहेर पडायच्या सुमारास कुणीतरी सांगतं, तिथे पिवळा फासा. २०२३ च्या रेसिडेंट ईव्हिल ४ मध्ये तो रंग आहे. २०२४ मध्ये फायनल फँटसी ७ रीबर्थमधल्या पिवळ्या कड्यांवरून जगभर वाद झाला. मी तीन आठवडे ज्या खडकावर काम केलं त्याच्यावर असा पट्टा मारलेला बघितलाय. आम्ही आमच्या हाताने खडक वाचता येऊ नये असा केला, मग त्यावर पाटी लावली.

आता खरं दुखणं. गेम बनताना आधी राखाडी ठोकळ्यांची जागा असते, आम्ही तिला ब्लॉकआउट म्हणतो. ठोकळे हलवायला पाच मिनिटं लागतात. उडीचं अंतर कमी वाटलं, वाढवलं, खेळून बघितलं, परत कमी केलं. गेमची मजा या ठोकळ्यांतच सापडते. एकदा त्यावर आमचं काम चढलं की ठोकळा ठोकळा राहत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एका पडक्या मठाचं काम अकरा आठवडे केलं. मधोमध चौक, भोवती खांब, तिथे एक मोठी लढाई होणार होती. काम संपल्यावर मी चालती प्रत खेळून बघितली. मागे सरकलं की कॅमेरा खांबाला अडायचा आणि शत्रू दिसेनासा व्हायचा. दोन खांब काढले असते तर भागलं असतं. सगळ्यांना दिसत होतं, तिकडच्या लेव्हल डिझायनरलाही. पण त्या खांबांवर कमानी होत्या, कमानींच्या सावल्या आधीच गणून ठेवलेल्या, त्याच खांबाला टेकून एक पात्र दोन मिनिटं बोलणार होतं, त्याचं चित्रीकरण झालेलं. उत्तर आलं, आर्ट लॉक आहे, म्हणजे चित्रात आता बदल नाही. चौक तसाच विकला गेला. लोकांनी लिहिलं, "दिसायला अप्रतिम, लढाई कंटाळवाणी." ते वाक्य मी अजून विसरले नाही.

खेळ वाईट करू असं कुणी ठरवत नाही, दादा. चित्र फार लवकर पक्कं होतं आणि मग खेळ सुधारायला जागा उरत नाही. त्यात पैसा. २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीची कागदपत्रं उघड झाली. झाकलेले आकडे मार्करच्या शाईखालून वाचता येत होते: द लास्ट ऑफ अस भाग २ ला सुमारे २२ कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टला २१.२ कोटी. एवढी रक्कम लागली की नवीन काही करून बघायला कुणाचा हात धजावेल?

उलट उदाहरण झेल्डा मालिकेतल्या ब्रेथ ऑफ द वाइल्डचं, २०१७ चं. निन्टेन्डोच्या लोकांनी आधी १९८६ च्या पहिल्या झेल्डासारखी दिसणारी सपाट, चौकटी-चौकटींची गेम बनवली. झाड पेटतं का, ओंडका पाण्यावर वाहतो का, एवढंच त्यात बघितलं. नियम जमल्यावर पुढचं. बाहेर आली तेव्हा टीव्हीवरसुद्धा ती ९०० पी वर चालायची, ४के एवढ्या बारीक चित्रावर नाही. पण गवत पेटलं की गरम हवा वर येते आणि तिच्यावर पॅराशूटसारखं तरंगता येतं. तिथलं गवत नुसतं काढलेलं नाही, त्याचा उपयोग होतो.

जळगावच्या मित्रा, एका गोष्टीत तुझ्याशी भांडणार आहे. "ग्राफिक्सला अर्थ नाही" असं म्हणू नकोस. स्टारड्यू व्हॅली ज्याने केली त्याने साडेचार वर्षं एकट्याने चित्र, संगीत, प्रोग्रॅम सगळं केलं, आणि पात्रांचे चेहरे पुन्हा पुन्हा नव्याने काढले. होलो नाइट तर हाताने रेखाटलेली आहे. तू रोज सुंदर चित्रंच बघतोयस. फक्त ती खऱ्या जगाची नक्कल करत नाहीत.

आणि आपल्या पुण्याची राजी, २०२० ची, नॉडिंग हेड्स गेम्सची. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी किल्ल्यांसारखी बांधणी, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. लढाई मला थोडी तोकडी वाटली, हे खरं. पण छोट्या चमूने इथल्या भिंती इतक्या प्रेमाने काढलेल्या बघून मी त्या दिवशी ऑफिसात जाऊन सगळ्यांना दाखवल्या होत्या.


खडीचा_रस्ता (मस्कत)

ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरी थोडी वेगळी बाजू मांडतो.

मी इथे प्लांटवर शिफ्टमध्ये काम करतो. रात्री एकला खोलीवर येतो तेव्हा मला जिंकायचं नसतं, कुणी मागे लागलेलंही नको असतं. मी रेड डेड रिडेम्पशन २ लावतो आणि घोड्यावर बसतो. २०१८ ची गेम, सहा वर्षं खेळतोय, कथा कधीच संपली. बर्फात घोड्याचे पाय रुतल्याच्या खुणा मागे राहतात. सकाळी दरीत धुकं असतं. हरणाचं कातडं काढायला पात्र खरोखर वेळ घेतं आणि ते टाळता येत नाही. सुरुवातीला राग आला, आता वाटतं तो उशीर काढला तर माझ्यासाठी काही उरणार नाही. माझं गाव कोकणात, राजापूरजवळ. पावसाची सर झाडांवरून सरकत येताना मी इथे फक्त त्या गेममध्ये बघतो.

दादा, तुम्ही म्हणता तुम्ही दोन तास काहीच ठरवलं नाही. क्रायसिसमध्ये झाडं पाडली तेव्हा तरी काय ठरवलं होतं? बघणं हाही एक खेळ आहे.

आणि घोस्ट ऑफ त्सुशिमा, २०२० ची. तिच्यात जायची दिशा बाणाने दाखवत नाहीत. टचपॅडवर बोट फिरवलं की वारा सुटतो, गवत आणि पानं त्या दिशेला झुकतात. त्या वाऱ्यामागे मी तासन्‌तास फिरलोय.


कृष्णाकाठ (सांगली)

मस्कतकर, झाडांचा मुद्दा बरोबर आहे, पण मला फरक वाटतो. झाड मी पाडत होतो. इकडून गोळी घातली तर तिकडे पडायचं, खालच्या फांदीवर घातली तर पडायचं नाही. मी त्याला विचारत होतो आणि ते उत्तर देत होतं. त्या पीएस ५ वरच्या ओल्या दगडाला मी काही विचारूच शकत नव्हतो. तुमचा घोडा उत्तर देत असणार, म्हणून सहा वर्षं टिकलाय.

दगडमाती ताई, मठाच्या चौकाचं वाचून कसंतरी झालं. खांब काढा असं तुम्ही तेव्हा कुणाला बोललात का?


दगडमाती (पुणे)

बोलले. स्क्रीनशॉटवर दोन्ही खांबांना लाल गोल करून पाठवला. "चांगलं निरीक्षण" असं उत्तर आलं. आमचं काम दगड देण्याचं, कुठे ठेवायचे ते ठरवण्याचं नाही. करारच तसा असतो.

तेव्हापासून मी एक करते. कुठलाही कडा हातात आला की आधी त्यांच्याकडून ठोकळ्यांची प्रत मागते आणि स्वतः चढून बघते. जिथे हात ठेवायचा तिथे दगडाची कड उजेडाकडे वळवते, शेवाळ तिथून काढते, बाकीच्या कपारी सावलीत ढकलते. मागच्या वर्षी एका कामात असा कडा दिला आणि चाचणीतून कळलं की लोक पिवळ्या रंगाशिवाय चढले. माझ्या नऊ वर्षांतली ती सगळ्यात चांगली ईमेल.

मस्कतकर, त्या वाऱ्याबद्दल तुमचं अगदी पटलं. दिशा दाखवणारं गवत बनवायला मिळालं तर मी रविवारीही ऑफिसला जाईन.


कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचं सांगतो आणि थांबतो.

माळ्यावर कॅफेची दोन मशीन अजून आहेत. एकाची रॅम दुसऱ्यात, दुसऱ्याची केबल पहिल्यात, असं करत शनिवारी दुपारी दोन्ही उठवली आणि लॅन जोडली. भाच्याने पडदा बघितला आणि म्हणाला, "मामा, हे फाटलंय का?" मी म्हटलं, हेच असं दिसतं, बस. पहिला तासभर मी त्याला ज्या कोपऱ्यावर दिसेल तिथे उडवलं. तो चिडला, उठून गेला, पाणी पिऊन परत आला. दिवेलागणीला बहीण जेवायला हाक मारत होती, दोघांपैकी कुणी उत्तर देईना. मी बोगद्यात शिरलो, हळू चालत होतो. पलीकडच्या खुर्चीतून त्याने हेडफोन कानाला दाबला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "जिन्यावर आहेस ना?"

कार्ड बोर्डाची परीक्षा झाल्यावर घेणार, ३२,००० चं नाही, त्याच्या निम्म्यातलं. लॅमिंग्टन रोडवाले, एसएमपीएस उघडून बघितला. कॅबिनेटबरोबर आलेलाच आहे. आधी तो बदलतो.